निकाल एक, पण कारण कोणते?

शास्त्रभाग : लूक १९:१-१०, १ करिंथ १३:१-३, फिलिप्पै १:१५-१८

तरुणांच्या शास्त्राभ्यासात एकाने आम्हांस विचारले, “खोटे माप वापरू नये असे ख्रिस्ती मनुष्य म्हणतो, आणि देव न मानणारा सज्जनही म्हणतो. प्रत्येक बाबतीत दोघांचा निकाल एकच असेल, तर दोघांची शिकवण एकच नव्हे काय?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

थोर विचारवंतांनीही त्याचा विचार केला आहे. कर्तव्याला श्रेष्ठ मानणारा जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले. तो अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावीत नाही; पण हे कर्तव्य म्हणून की धंदा टिकावा म्हणून, ते नुसत्या व्यवहारावरून कळत नाही. इंग्लंडातील मिल याने सर्वांचे सुख हे नीतीचे माप मानले, आणि प्रभू येशूच्या सुवर्णनियमात (मत्तय ७:१२) आपल्याच मताचे सार आहे असे म्हटले. त्याच देशातील पार्फिट याने २०११ साली असे मांडले की, कर्तव्याची, परस्परसंमतीची व परिणामांची नीती नीट सुधारून घेतली, तर त्या एकाच डोंगरावर निरनिराळ्या बाजूंनी चढणाऱ्यांसारख्या ठरतात.

मग शिखर एक म्हणून वाटाही एकच काय? समजा, दोन गुरू आहेत. दोघेही सांगतात : खोटे माप वापरू नको, वापरले असेल तर भरपाई कर. पहिला म्हणतो, “नाहीतर बाजारातला विश्वास उडेल व सर्वांचेच नुकसान होईल.” दुसरा म्हणतो, “गिऱ्हाईक देवाच्या प्रतिरूपाचा आहे. त्याला फसविणे हा त्याचा व त्याच्या उत्पन्नकर्त्याचा अपराध आहे.” आज्ञेत तिळमात्र फरक नाही. तरी पहिल्याच्या कारणात तो गिऱ्हाईक एकंदर हिशेबातला एक भाग आहे. दुसऱ्याच्या कारणात तोच अपराध सोसलेला मनुष्य आहे. म्हणजे काय करावे हे दोघे सारखेच सांगतात. ते अयोग्य का, हे वेगवेगळे सांगतात. शिकवणीत ‘का’ हाही भाग असतो.

जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले, ते ज्यांना फसविले त्यांना. नुसते पैसे फिटले असे नाही. त्याच्या घराला तारण झाले. पौलही सांगतो की, सर्वस्व वाटून टाकले, पण प्रीती नसली, तर देणाऱ्याला काही लाभ नाही. घेणाऱ्याच्या हाती पडलेले धान्य मात्र तेवढेच असते!

परंतु येथे गर्वाला जागा नाही. काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करीत होते, तरी ती होते यात पौलाने आनंद मानला. म्हणून पुरात, दुष्काळात शेजाऱ्यांबरोबर काम करताना आम्ही त्यांची कारणे तपासत बसू नये; एकत्र काम करण्यास निकाल एक असणे पुरे आहे. मुलांना शिकविताना मात्र ते पुरे नाही. आज्ञा पाठ करून घेतली व कारण दिले नाही, तर कोणी पाहत नसताना ते मूल कशाला धरून राहील?

विचारासाठी प्रश्न : गेल्या आठवड्यात आपण जे एक चांगले काम केले, ते कोणासाठी केले?