शासकीय खरेदी व लघुउद्योग

माल उत्तम असूनही अनेक लहान कारखानदार बयाणा रकमेच्या धास्तीने शासकीय निविदा भरीत नाहीत. ही धास्ती अनाठायी आहे. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणान्वये केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची असते. त्यांपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. पात्र उद्योगांस निविदापत्रे विनामूल्य मिळतात व बयाणा रक्कम माफ असते.

समजा, एका यंत्रभागासाठी मोठ्या कारखान्याचा दर सर्वांत कमी, म्हणजे १०० रुपये आहे व लघुउद्योगाचा ११२ रुपये. फरक १५ टक्क्यांच्या आत असल्याने, १०० रुपयांस माल देण्याची तयारी दर्शविल्यास लघुउद्योगास मागणीचा किमान चौथा हिस्सा मिळू शकतो. असे उद्योग अनेक असल्यास तो त्यांच्यात वाटला जातो.

मात्र यासाठी उद्यम नोंदणी हवी. एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असणारा उद्योग लघु गणला जातो. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांस ही सवलत नाही. राज्य शासनांच्या खरेदीचे नियम निराळे असतात. ते स्वतंत्रपणे पाहावेत. नोंदणी विनाशुल्क आहे. ती निविदा निघण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे होय.