वणवा दिसला तर वर पळू नका

फेब्रुवारी अर्धा सरला की सह्याद्रीतलं गवत कडक वाळतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत डोंगराला वणव्याची धास्ती असते. आपण ट्रेकर या दिवसांत पाण्याची तयारी करतो, उन्हाची करतो, सापांची माहिती घेतो. डोंगर पेटला तर कुठे जायचं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. विचारून पाहा. बहुतेक जण म्हणतील, "वर, माथ्यावर." याच उत्तराने माणसं मेली आहेत.

आग चढावर जास्त वेगाने धावते. उतारावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, गरम हवाही वरच चढते, त्यामुळे पुढचं गवत आग पोचायच्या आधीच तापून तयार असतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा वणव्याशी झुंजणारे लोक धरतात. माणसाचं नेमकं उलट होतं. चढ जितका उभा, तितके पाय जड आणि दम तोकडा. ही शर्यत पाठीवर सॅक असलेला माणूस जिंकत नाही. त्यात नाळेची वाट असेल तर धोका आणखी वाढतो. दोन्ही बाजूंना भिंती असलेली अरुंद घळ धुराड्यासारखी आग वर ओढून घेते. खिंडीतही वारा कोंडून जोराने येतो. आपल्या कितीतरी घाटवाटा नाळांतून आणि खिंडींतूनच जातात, म्हणून हे प्रत्येक ट्रेकरला पाठ असायला हवं.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, ट्रेकर वणव्यात सापडले. वीसहून अधिक जण गेले. वाळलेलं उंच गवत, वारा, आणि घाबरून वाट फुटेल तिकडे पांगलेली माणसं, असा सगळा घात जुळून आला होता. त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत आग विझवायला गेलेले १६ जण स्वतःच आगीच्या तोंडी आले. ते चढावर धावत सुटले आणि त्यांतले १३ मेले. वाचलेल्यांपैकी दोघांना माथ्याजवळच्या कड्यात एक फट सापडली. तिच्यातून पलीकडे जाऊन ते दगडधोंड्यांच्या घसाऱ्यावर थांबले. तिसरा त्यांचा प्रमुख वॅग डॉज. त्याने समोरचं गवत स्वतः पेटवलं आणि ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथा पडून राहिला. मोठी आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. गवत पेटवण्याचा हा प्रकार आपण करायचा नाही. वाऱ्याची आणि उताराची पक्की जाण नसताना तो आपल्याच सोबत्यांच्या जिवावर बेतेल. पण तिघांच्या जगण्यातलं कारण एकच आहे: जिथे जळायला काही उरलेलं नाही, तिथे आग येत नाही.

म्हणून वणवा दिसताच नजर माथ्याकडे न लावता उघड्या जमिनीकडे लावा. मोकळा कातळ, सडा, नांगरलेलं शेत, डांबरी रस्ता, तळ्याचा काठ, दगडगोट्यांनी भरलेलं रुंद पात्र, वनखात्याने आखलेली जाळरेषा, यांपैकी जे जवळ असेल ते. आणि सगळ्यांत भरवशाचं म्हणजे आधीच जळून काळं झालेलं रान. लोक त्याला घाबरतात, कारण तिथे धूर असतो, पाय भाजतात. तरी गवत पुरतं जळून गेलं असेल तर त्या जागी आग पुन्हा यायची नाही. जळकं खोड, पोकळ ओंडका मात्र तासन्‌तास धुमसतो आणि अवचित कोसळतो, तेव्हा त्यांच्यापासून लांब उभं राहा. उथळ गुहेचा मोह नको, तिथे धूर कोंडतो.

आगीच्या तोंडासमोरून पळू नका. आडवं जा, म्हणजे आगीच्या बगलेकडून निघा, आणि जमलं तर उताराकडे, वाऱ्याचा अंदाज घेऊन. धुराचा लोट कुठे झुकतो त्यावरून वारा कळतो. कोकणाकडे तोंड असलेल्या उतारांवर दुपारनंतर खारा वारा चढावर येतो, शिवाय ऊन आणि कोरडेपणा तेव्हाच सर्वांत जास्त असतो. तेव्हा मार्च ते मे या महिन्यांत गवताळ धारेवरची चाल पहाटे सुरू करून सकाळीच उरकावी. चालताना स्वतःला अधूनमधून एक प्रश्न विचारावा: आत्ता खालून आग आली तर कुठे जाईन? उत्तर सुचत नसेल तिथे विश्रांतीला बसू नये. कारवीच्या रानात हे विशेष पाळावं. आठेक वर्षांनी एकदम फुलून गेलेली कारवी उभ्याउभ्या वाळते. तिच्यात वाट सोडून घुसता येत नाही आणि पेटली की तिची आग गवतापेक्षा जास्त वेळ टिकते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. नायलॉन आणि पॉलिस्टरचे ट्रेकिंगचे कपडे एरवी सोयीचे, पण आगीच्या आचेने ते वितळून कातडीला चिकटतात. या हंगामात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, सुती पँट, चामड्याचे बूट आणि एक मोठा सुती पंचा बरोबर असू द्या. आग जवळ आली आणि सॅकमध्ये गॅसचा डबा असेल तर तो काढून दूर फेका, किंवा सॅकच सोडा.

निसटायला जागाच उरली नाही, तर दगडाच्या किंवा बांधाच्या आड खोलगट उघडी जागा शोधा. हाता-पायांनी गवत उपटून ती जमेल तेवढी मोकळी करा. पालथे पडा, पाय आगीच्या बाजूला, तोंड मातीकडे, नाकावर पंचा, उघड्या अंगावर माती. ज्वाळा लागण्याआधी आगीची धगच माणसाला मारते आणि मधे असलेला दगड ती धग अडवतो. नुसत्या गवताची आग एका जागी फार वेळ राहत नाही, ती पुढे सरकते. धग अंगावर येते तेव्हा उठून पळावंसं वाटतं, तिथेच मन घट्ट करून पडून राहायचं असतं. ज्वाळा गुडघ्याखाली असतील, पट्टा अरुंद असेल आणि पलीकडची काळी जमीन स्पष्ट दिसत असेल, तरच तोंड झाकून एका दमात पलीकडे जावं.

भाजलं असेल तर अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, कारण सूज येते. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी ओता. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. आवाज घोगरा झाला असेल, नाकपुड्यांत काजळी असेल, नाकातले केस जळले असतील, तर माणूस वरवर ठीक दिसला तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्या. श्वासमार्गाची सूज तासाभरानेही वाढू शकते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

जंगलातले जीवही धग अडवणारा आडोसा किंवा वेळीच काढलेला पळ, याच नियमांवर वाचतात. जळून आठवडा झालेल्या उतारावर उकिडवे बसून नीट बघा. गवताचे टोकदार काळे खुंट, त्यांच्यामधून भाजून पांढरेफटक झालेले गोगलगाईंचे शंख, कुठे तडकलेल्या अंड्याचं कवच. आणि हातभर अंतरावर, बिळाच्या तोंडाशी, राखेवर नुकतीच उकरून टाकलेली तांबडी माती. आत कुणीतरी जिवंत आहे. माती उष्णता सहज खाली जाऊ देत नाही, म्हणून उंदीर, खेकडे, विंचू आणि फटीत शिरलेले साप गवताच्या वेगवान आगीतून निभावतात. भेकर, सांबर, ससा यांना पळता येतं. ज्यांचं घरटं जमिनीवर आहे त्यांना यातलं काहीच करता येत नाही. लावा, तित्तर, चंडोल, टिटवी यांची अंडी आणि पिल्लं उघड्यावर असतात. चाळकेवाडीसारख्या पठारांवर उन्हाळ्यात निळा-काळा-नारिंगी गळा पंख्यासारखा फुलवणाऱ्या सरड्यांचा विणीचा काळ तर वणव्याच्या काळातच येतो. गवत गेलं की त्यांचा आडोसा गेला आणि किडेही गेले. आगीच्या कडेने कोतवाल, वेडे राघू, शिकरे घिरट्या घालतात ते पळणारे किडे आणि सरडे टिपायला. फोटो छान येतो म्हणून त्यासाठी आगीजवळ जाणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका.

आगीनंतर जी हिरवी बेटं उरतात, म्हणजे ओढ्याकाठची झाडी, देवराई, पाण्याचं टाकं, तिथे आसपासची सगळी जनावरं आसऱ्याला येतात. त्या दिवसांत आपला तंबू तिथे लावणं म्हणजे त्यांच्या शेवटच्या आसऱ्यावर बसणं. पाणी भरून घ्या आणि अंधार पडायच्या आत तिथून दूर व्हा. जळक्या रानातून चालताना काठी टेकत, पुढची जमीन बघत चला. बिथरलेले साप उघड्या वाटेवर येतात. कड्यांवर आग्या मोहोळं असतील तर आणखी जपा. धुराने डिवचलेल्या माश्या लांबपर्यंत पाठलाग करतात.

सशाचं किंवा भेकराचं एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. आई पिल्लाला लपवून चरायला जाते आणि बहुधा परत येते. भाजलेलं जनावर दिसलं तर तोंडात पाणी ओतू नका, दूध पाजू नका, भोवती गर्दी करू नका. जागेची खूण लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट' या १९२६ क्रमांकावर कळवा. वणवा दिसल्यावरही पहिला फोन तिथेच, मग ११२. सांगताना गावाचं नाव, डोंगराची कुठली बाजू, आग कुठल्या दिशेला सरकते आहे आणि माणसं अडकली आहेत का, एवढं सांगितलं तरी पुरे. उपग्रहावरून आगीच्या सूचना वनखात्याला मिळतात, पण उपग्रह वरून जाईपर्यंत वेळ जातो. धारेवर उभ्या असलेल्या माणसाचा फोन त्याआधी पोचू शकतो.

आग विझवायला धावावंसं वाटणं स्वाभाविक आहे. वनरक्षक किंवा गावकरी बरोबर असतील आणि आग लहान असेल तरच हात लावा. हिरव्या फांद्यांनी झोडपायचं ते जळलेल्या बाजूला उभं राहून, आगीच्या बगलेकडून आत सरकत. तोंडासमोर आणि चढाच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही. एकाने दूर थांबून वाऱ्यावर लक्ष ठेवायचं.

आपल्या डोंगरातले जवळपास सगळे वणवे माणसाने लावलेले असतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं ही समजूत, भाताच्या राबाची हाताबाहेर गेलेली आग, शिकार, विडीचं थोटूक, आणि अर्ध्या विझलेल्या चुली. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत आपण ट्रेकरही येतो. गावातल्या माणसाला शिकवण्याआधी आपण आपलं बघावं, असं मला ठामपणे वाटतं. आरक्षित वनात आग लावणं किंवा धुमसती सोडणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. अभयारण्यासाठी वन्यजीव अधिनियम, १९७२ मध्ये वेगळी तरतूद आहे. चूल पेटवणं टळणारच नसेल तर ती गावात, अंगणात. विझवल्यावर राखेत पाणी ओतून, ढवळून, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

फेब्रुवारी ते जून या काळात जाणार असाल तर निघण्याआधी त्या भागातल्या वनपालांना किंवा गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा, कुठे आग लागली आहे का. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक, १९२६, ११२ आणि १०८ हे चार क्रमांक गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. आणि डोंगरावर कुठेही, थंडी वाजली तरी, शेकोटी पेटवू नका.