फोटोतले पान ते ई-पुस्तक



मागच्या सुटीत शाळेच्या आलमारीतून साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची एक जुनी प्रत निघाली. कागद पिवळा, शिवण सुटलेली. मुलांनी मोबाईलवर पानांचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. फोटो पोहोचले, पण वाचले कोणीच नाहीत. अक्षर मोठे केले की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते!

याचे कारण समजून घेऊ. फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ६ इंच रुंद व ८ इंच उंच पान इंचाला ३०० ठिपके या मापाने स्कॅन केले, तर ४३ लाख २० हजार ठिपके होतात. त्यात 'आई' हा शब्द आहे हे संगणकाला माहीतच नसते. तेच पान टाईप केलेले असेल तर साधारण दीड हजार अक्षरचिन्हे होतात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे साडेचार हजार बाइटात काम झाले. जेपेग फाईलमध्ये फोटो दाबून लहान होतो, तरी फरक मोठाच राहतो.

ई-पुस्तकासाठी ईपब हा प्रकार २००७ पासून चालत आला आहे. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जातो, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, शब्द शोधता येतो. चष्मा लागलेल्या आजोबांनाही ते सोयीचे. मात्र नुसते फोटो ईपबमध्ये कोंबले तर फोटोच राहतात. आधी चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर काढावा लागतो. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. पान सपाट ठेवा, सरळ ठेवा, सावली पडू देऊ नका. निम्मे काम इथेच होते.

आता आमची चूक सांगतो. लिपी एकच म्हणून आम्ही भाषा 'हिंदी' निवडली. 'काळ'चे 'काल' झाले, 'दऱ्या'चे 'दर्या' झाले. म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झालेले, त्यामुळे 'ळ'पाशी मीही बरीच वर्षे अडखळलो आहे. यंत्रावर रागावणार कसे? भाषा 'मराठी' केल्यावर पुष्कळ सुधारणा झाली. सौंसरसारख्या ठिकाणी, जिथे घरी मराठी आणि बाजारात, दफ्तरात हिंदी, तिथे हा बारकावा विसरणे फार सोपे.

तरीही प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून पाहावीच लागते. आमची प्रत १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची आहे. त्यात 'नांव', 'घरीं' असे अनुस्वार आहेत. एका विद्यार्थिनीने ते चुका समजून मोठ्या कष्टाने काढून टाकले. तिला ते परत घालायला सांगताना मलाच वाईट वाटले, पण पुस्तक जसे छापले तसेच उतरवायचे.

तपासलेला मजकूर लिबरऑफिस रायटरमध्ये घ्या, प्रत्येक प्रकरणाच्या नावाला शीर्षकाची शैली द्या आणि ईपब म्हणून निर्यात करा. ही सोय २०१८ पासून त्यात आहे व मोफत आहे.

विश्वस्त मंडळींनी विचारले, हे कायद्यात बसते का? भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना किंवा चित्रे मात्र उचलू नयेत, त्यांचे हक्क वेगळे असू शकतात.

आतापर्यंत पहिल्या तीन रात्रींचा मजकूर तपासून झाला आहे. जुनी मराठी सवयीने वाचणारे आजी-आजोबा ज्यांच्या घरी असतील, त्यांनी शनिवारी दुपारी त्यांना संगणक कक्षात घेऊन यावे. छापील पान त्यांच्या हातात देऊ, पडद्यावरचे मुले मोठ्याने वाचतील.