कथेतला शिकाऊ सर्जन : लिहिण्याआधी काय शोधाल?



हॉस्पिटलची गोष्ट लिहायला घेतली की डोळ्यांसमोर सिनेमातलं ऑपरेशन थिएटर येतं. माझंही तसंच झालं. पहिल्याच कथेत मी एका इंटर्नकडून मोठं ऑपरेशन करून घेतलं. ओळखीच्या डॉक्टर ताईंनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "अहो सर, त्याला हे करू दिलं कोणी?"

आजचा पाठ याच प्रश्नाचा आहे.

आधी पायऱ्या समजून घेऊ. एमबीबीएसची परीक्षा झाली की १ वर्ष इंटर्नशिप. नंतर नीट-पीजीतून एमएस जनरल सर्जरीला प्रवेश. हा अभ्यासक्रम ३ वर्षांचा. या विद्यार्थ्यांना ज्युनिअर रेसिडेंट म्हणतात; वॉर्डातल्या बोलण्यात जेआर-१, जेआर-२, जेआर-३. त्यांच्या वर सीनिअर रेसिडेंट, मग शिकवणारे डॉक्टर आणि युनिटचे प्रमुख.

जेआर-१ चा दिवस ऑपरेशनपेक्षा वॉर्डातच जास्त जातो. रुग्णाची हकीकत लिहिणे, रक्ताचे नमुने घेणे, रिपोर्ट मिळवणे, ड्रेसिंग, डिस्चार्ज कार्ड, सरांच्या राउंडची तयारी. थिएटरमध्ये बहुतेक वेळा तो रिट्रॅक्टर धरून उभा असतो. हळूहळू टाके घालायला मिळतात. पुढे वरिष्ठांच्या देखरेखीखाली हर्निया, अपेंडिक्स. शिवाय लॉगबुक आणि प्रबंध असतोच!

मग गोष्ट कुठे आहे? समजा, रात्रीचे २ वाजलेत. पोटदुखीचा रुग्ण आलाय. थांबावं की वरिष्ठांना उठवावं? उगाच उठवलं तर बोलणी बसतील, नाही उठवलं तर रुग्णाच्या जिवावर बेतेल. चाकू हातात न घेताही केवढा ताण आहे बघा!

त्यात थकवा मिळवा. १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेनुसार सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी. प्रत्यक्षात ती याहून खूप लांबते, हे कोणताही रेसिडेंट सांगेल.

आता माहिती कशी मिळवायची?

१) रेसिडेंटला "तुमची कर्तव्ये कोणती?" असं विचारू नका, पुस्तकी उत्तर मिळेल. "काल सकाळपासून काय काय केलंत?" असं विचारा.

२) प्रत्येक कामापुढे लिहा : हे कोण करतं, आणि परवानगी कोण देतं?

३) जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी वाचा. भूल देण्याआधी, चिरण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी, असे त्यात ३ थांबे आहेत. शेवटच्या थांब्यावर कापसा-गॉजची मोजणी पूर्ण झाल्याचं नर्सने मोठ्याने सांगायचं असतं. एक नग कमी भरला तर? तिथेही एक प्रसंग दडलाय.

४) डॉ. रवी बापट यांचं 'वॉर्ड नंबर पाच, केईएम' जरूर वाचा.

५) ऐकलेला रुग्ण ओळखू येईल असा कथेत आणू नका. त्याचं दुखणं हे आपलं साहित्य नव्हे.

स्वाध्याय : जेआर-१ ची एक रात्र १० ओळींत लिहा. अट एकच, त्याने ऑपरेशन करायचं नाही.

लिहून बघा, जमेल!