कुंडीतील जुनी माती : एक अभ्यास

शेतकरी पीक काढून घेतल्यावर शेत टाकून देत नाही. ज्या जमिनीत त्याच्या आज्याने ज्वारी पेरली, बापाने पेरली, तिच्यातच तोही पेरतो. जमिनीची मशागत करावी, तिला खत द्यावे, पिकांची फेरपालट करावी आणि गरज पडल्यास एखादा हंगाम तिला विसावा द्यावा, हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. परंतु तीच माती शेतातून उचलून कुंडीत आली की आपली दृष्टी पालटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोमॅटोची झाडे वाळली की कुंड्या परसात किंवा नाल्याच्या काठी पालथ्या केल्या जातात आणि जून उजाडताच लाल मातीची पोती पुन्हा विकत आणली जातात. ही लाल माती कोठल्या तरी डोंगराच्या उतारावरूनच खणून आणलेली असते. इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, आणि आपण ती एका हंगामात ‘संपली’ म्हणून मोकळे होतो.

मी भूगोलाचा विद्यार्थी. आम्ही काही मित्र वसतिगृहाच्या गच्चीवर चाळीस कुंड्यांत भाजीपाला लावतो. दरवर्षी नवी माती घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. जुनी माती चालत नसेल तर बाग बंद, असा सरळ हिशेब होता. म्हणून वर्गात शिकलेला मृदा हा विषय गच्चीवर ताडून पाहण्याची वेळ आली. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने मांडत आहे.

माती का थकते?

बारा इंची कुंडीत सुमारे पंधरा लिटर माती मावते. शेतात ज्या झाडाची मुळे खोलवर आणि चहूकडे पसरतात, त्याला येथे एवढ्याशा जागेत संसार करावा लागतो. त्यामुळे शेतात जे दहा वर्षांत घडते ते कुंडीत एका वर्षात दिसू लागते. मातीचे हे थकणे तीन प्रकारचे असते, आणि तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत.

पहिला थकवा रचनेचा. नवी कुंडी काठोकाठ भरावी, तर हंगामाच्या अखेरीस माती चार बोटे खाली गेलेली आढळते. ही माती चोरीला जात नाही. तिच्यातील शेणखत व पालापाचोळा जिवाणूंनी खाल्लेला असतो आणि त्यातील कर्ब वायुरूपाने हवेत गेलेला असतो. उरलेले खनिज कण रोजच्या पाण्याने एकमेकांत घट्ट बसतात. मधली पोकळी गेली की हवा गेली, आणि हवा गेली की मुळे गुदमरतात. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत हा दोष अधिक जाणवतो, कारण तिच्यातील चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कोकणातील जांभ्याची लाल माती पाण्याचा निचरा बरा करते, पण तिच्यात अन्नद्रव्ये बेताची असतात.

दुसरा थकवा अन्नाचा. नत्र हा नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर सहज वाहून जातो; पालाशही थोडाफार जातो; स्फुरद मात्र मातीला चिकटून राहतो. म्हणजे जुनी माती सर्वस्वी निःसत्त्व नसते. तिच्यात काही शिल्लक असते आणि काही संपलेले असते. याच्या उलटही एक प्रकार आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो क्षारांचा. कठीण पाणी आणि रासायनिक खते यांतून ते साचतात. असा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश ओतून ते तळाच्या भोकातून वाहू द्यावे.

तिसरा थकवा रोगाचा, आणि तोच सर्वांत घातक. मर रोगाची बुरशी, मुळांवरचे सूत्रकृमी हे झाड वाळले तरी मातीत टिकून राहतात. रचना आणि अन्न यांची भरपाई करता येते. रोग मात्र जुन्या मातीबरोबर नव्या रोपाला वारशाने मिळतो.

मुळांची तपासणी

म्हणून कुंडी रिकामी करताना पहिले काम मुळे पाहण्याचे. वाळलेले झाड उपटून त्याची मुळे पाण्यात धुवावीत. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर जपमाळेसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे काम समजावे. चवळी, घेवडा, मेथी यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या हितकर जिवाणूंच्या असून हवेतील नत्र बांधून ठेवतात. दोहोंतील भेद ओळखणे सोपे आहे. हितकर गाठ मुळाच्या कडेला लागलेली असते व नखाने सहज सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही. या एका परीक्षेवर मातीचे पुढचे भवितव्य ठरते. गाठाळ मुळे खताच्या ढिगात न टाकता वाळवून जाळावीत. निरोगी मुळे बारीक करून खुशाल खतात घालावीत.

यानंतर मातीचा वास घ्यावा. पहिल्या पावसानंतर येतो तसा वास आला तर तिच्यातील जीवसृष्टी शाबूत आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी पाणी तुंबून हवा संपली होती असे समजावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची रीत आहे. वस्तुतः बारीक मातीतील पाणी पूर्ण भिजेपर्यंत खालच्या भरड थरात उतरत नाही. त्यामुळे ओल वरच अडते आणि मुळांची जागा उलट कमी होते. भोकावर एक खापर पुरेसे आहे.

उन्हाचा उपयोग

माती घमेल्यात काढून ढेकळे फोडावीत व वाळूच्या चाळणीने चाळून घ्यावीत. निरोगी माती सावलीत पसरून तिची ओल थोडी कमी होऊ दिली की ती साठवण्यास तयार होते. रोगट मातीला मात्र उन्हाचे औषध हवे, आणि ते औषध एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे फुकट मिळते.

उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देणे ही आपली जुनीच रीत आहे. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी शेण-पाला पसरून राब भाजतात, त्यातही जमिनीला उष्णता देण्याचा भाग आहेच. इस्रायलमधील याकोव कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली याच तत्त्वाला शास्त्रीय रूप दिले. ओलसर जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून त्यांनी उन्हाने मातीतील रोगजंतू मारून दाखविले. यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, माती ओलसर हवी. ओल उष्णता आतपर्यंत पोचविते. शिवाय ओल मिळाल्याने जागे झालेले जंतू सुप्त जंतूंपेक्षा लवकर मरतात. दुसरी, प्लास्टिक पारदर्शक हवे. काळे प्लास्टिक स्वतःच तापते, तर पारदर्शकातून ऊन थेट मातीवर पडते आणि उष्णता आत कोंडली जाते.

शेतात या उपायाला चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीतील माती थोडी असल्याने काम लवकर होते. पारदर्शक पिशवीत चार-सहा बोटे जाडीचा थर भरून ती उन्हात आडवी ठेवावी आणि वर आणखी एक पारदर्शक कागद ताणून बसवावा. मातीच्या मध्यभागी ७० अंश सेल्सिअस तापमान अर्धा तास, किंवा ६० अंश तापमान एक तास टिकले तर बहुतेक उपद्रवी जीव नष्ट होतात. थर्मामीटर नसल्यास पिशवी अधूनमधून उलटीपालटी करीत काही आठवडे उन्हात राहू द्यावी.

साठवण

निगा घेतलेली माती पावसाळाभर उघड्यावर ठेवली तर केलेले श्रम वाया जातात. याचे कारण मोठे बोधप्रद आहे. पूर्व आफ्रिकेतील मातींचा अभ्यास करताना एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखविले की, वाळलेल्या मातीला पाणी मिळताच तिच्यातील जिवाणूंची हालचाल एकदम वाढते आणि सेंद्रिय पदार्थांत अडकलेला नत्र मोकळा होतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर पिके तरारून उठतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण त्या वेळी कुंडीत झाड नसेल तर हा मोकळा झालेला नत्र पुढच्या पावसाबरोबर गच्चीच्या नळातून गटारात जातो.

म्हणून साठवण छपराखाली करावी. पोती थेट फरशीवर न ठेवता विटांवर फळी टाकून तीवर ठेवावीत. गोणपाट उत्तम, कारण त्यातून हवा खेळते. ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्यास ती आंबते. ओल किती असावी याची कसोटी हाताची आहे : मूठ दाबली की गोळा व्हावा, बोट टोचले की तो फुटावा. अगदी कोरडीठाक झालेली माती नंतर पाणी लवकर शोषत नाही. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधून आधीचे पीक कोणते व मुळे कशी होती हे लिहावे. चार महिन्यांनी सगळी माती सारखीच दिसते.

वजनाचाही विचार हवा. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या वरच असते. पंधरा लिटरच्या चाळीस कुंड्यांची माती म्हणजे जवळपास एक टन भार झाला. तो गच्चीच्या मधोमध एका ढिगात न ठेवता भिंतींच्या कडेने विभागून ठेवावा.

जागा नसेल तर मातीला कुंडीतच राहू द्यावे आणि पावसाळ्यात तीत ताग किंवा चवळी पेरावी. फुलोरा येण्याच्या सुमारास ती कापून मातीतच गाडली की हिरवळीचे खत होते. सूत्रकृमींची शंका असलेल्या कुंडीत झेंडू लावावा. त्याच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात.

पुन्हा भरताना

तीन घमेली जुनी माती, एक घमेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धे घमेले भाताचे तूस, काथ्या अथवा जाड वाळू, हे प्रमाण आम्हाला मानवले. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. राख मात्र जपून वापरावी. कोकणच्या आम्लधर्मी मातीला ती मानवते, पण देशावरची चुनखडीची काळी माती आधीच अल्कधर्मी असते.

खताचा विषय निघाला म्हणून एका मराठी नावाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत जगभर गाजली. तिचे विवेचन करणारा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. वाळका पाला, शेण, गोठ्यातील मुतारीची माती व राख यांचे थर रचून ढीग वेळोवेळी पालटला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. वसतिगृहाच्या भोजनगृहात रोज निघणाऱ्या भाजीच्या देठांना याहून चांगली गती कोणती?

शेवटी फेरपालट. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील भावंडे आहेत. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. म्हणून टोमॅटोच्या मातीत पुढच्या हंगामात कांद्याची पात, मेथी किंवा कोथिंबीर घ्यावी. पोत्याला बांधलेली चिठ्ठी येथे उपयोगी पडते.

समारोप

आपले महाविद्यालय कला शाखेचे. येथे परीक्षानळ्या नाहीत. परंतु गणिताचे अध्यापक असलेल्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून सामान्य शेतकऱ्यांनाही प्रयोगशील बनविले. स्वतःच्या जागेत करून पाहावे, नीट निरीक्षण करावे आणि कळलेले इतरांना कळवावे, एवढीच त्याची अट. चाळण, घमेले, खुरपे आणि चिठ्ठी ही साधने कोणालाही परवडण्याजोगी आहेत.

आमच्या गच्चीवर आता नवी माती येते ती केवळ घट भरून काढण्यापुरती. माती थकते, पण नीट निगा राखली तर मरत नाही. येत्या मार्चमध्ये आपल्या घरची कुंडी पालथी करण्यापूर्वी वाचकांनी निदान तिच्यातील मुळे तेवढी पाहावीत, एवढीच विनंती.