उणे तीसमध्ये डिझेल गाडी: ब्लॉक हीटर बसवण्याआधी एवढं तपासा



कॅनडातल्या एडमंटनहून आपल्या एका प्रेक्षकाचा मेसेज आला. नवरा-बायको मूळचे पुण्याचे. भाड्याच्या किचनमध्ये डबे तयार करतात, सोबत इडलीचं पीठ आणि पोळ्या. आतापर्यंत घरच्या छोट्या कारने माल पोचवत होते, आता जुनी डिझेल पिकअप घ्यायची आहे. गाडी पसंत पडली आहे, किंमतही जमते आहे, पण विकणारा म्हणतो की ब्लॉक हीटर नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता: "सर, नंतर बसवून घेता येईल का, की ही गाडी सोडून देऊ?"

व्हिडिओत मी याचं उत्तर आठ मिनिटांत उरकलं. तिथे बरंच राहून गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडचे मेकॅनिक डिझेल गाडीचा "हीटर" म्हणतात तो म्हणजे ग्लो प्लग. चावी फिरवल्यावर काही सेकंद तापतो तो. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि फक्त सिलिंडरच्या आतली जागा गरम करतो. ब्लॉक हीटर वेगळा. तो घरच्या विजेवर चालतो आणि इंजिनातलं कूलंट, म्हणजे पर्यायाने इंजिनाचा अख्खा लोखंडी ठोकळा, काही तास आधीपासून गरम करत ठेवतो. पाणी तापवायचा रॉड आठवा. तत्त्व तेच.

याची गरज का पडते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. बाहेर उणे पंचवीस-तीस असेल तर ही उष्णता थंडगार लोखंड खाऊन टाकतं. ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची ताकद कमी झालेली असते. मग सेल मारत बसा! एडमंटन, विनिपेग, सॅस्कटून अशा शहरांत पार्किंगमध्ये गाड्यांसाठी विजेचे प्लग असतात, ते यासाठीच. ही कल्पना त्याच पट्ट्यातली. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा हीटरचं पेटंट मिळालं. इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढायचा आणि त्याच्या जागी हीटरवाला बोल्ट बसवायचा, अशी ती युक्ती होती. स्वतःच्या गावची अडचण बघून माणसाने वस्तू काढली, हे आपल्या कामाचं आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

आता त्या पिकअपकडे या. "हीटर नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य तसंच मान्य करू नका. बऱ्याच अमेरिकन डिझेल पिकअपमध्ये हीटरचा एलिमेंट कारखान्यातूनच ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, फक्त बाहेर येणारी वायर दिलेली नसते. गाडीचा चॅसी नंबर घेऊन त्या कंपनीच्या डीलरच्या पार्ट्स काउंटरला विचारा. एलिमेंट असेल तर नुसती वायर जोडून काम भागतं. वायर असेल पण हीटर चालतो की नाही हे कळत नसेल, तर मल्टिमीटरने प्लगच्या दोन चपट्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कॅनडात वीज १२० व्होल्टची. १००० वॉटचा हीटर असेल तर साधारण १४ ओहम दाखवेल, ७५० वॉटचा असेल तर १९ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तरी जळलाय किंवा वायर तरी तुटलीय.

खरंच नसेल तर बसवता येतो. इंजिन ब्लॉकच्या बाजूला पत्र्याची गोल बुचं असतात. तिकडे त्यांना फ्रॉस्ट प्लग म्हणतात. खरं तर ती भोकं ब्लॉक ओततानाची वाळू काढण्यासाठी ठेवलेली असतात. त्यातलं ठरावीक एक बूच काढून तिथे हीटर बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट काढायचं, बूच काढायचं, भोकाची कड स्वच्छ करायची, हीटरच्या रबरी रिंगला कूलंट लावून तो आत सरकवायचा. आतला एलिमेंट लोखंडाला टेकता कामा नये, त्याची दिशा कंपनीच्या कागदावर दिलेली असते ती पाळायची. मग इंजिनासाठी सांगितलेलंच कूलंट भरायचं, आतली हवा काढायची, गाडी चालवून गळती बघायची. हे सगळं होईपर्यंत हीटरला वीज द्यायची नाही! कोरडा हीटर लगेच जळतो. वायर एक्झॉस्टपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून लांब ठेवून पुढच्या जाळीपर्यंत आणून बांधायची. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात.

हे काम स्वतः करावं का? हात बसलेला असेल तर करा. धंद्याची एकुलती एक गाडी असेल तर मी गॅरेजकडेच देईन.

आता गणित. त्यांचे रोजचे ३० डबे, डब्याला १४ डॉलर. म्हणजे गाडी सुरू न झालेली एक सकाळ ४२० डॉलरची, शिवाय दुकानांचा माल वेगळा. समजा हीटर, कूलंट, मजुरी मिळून गॅरेजने ४०० डॉलर सांगितले. एका चुकलेल्या सकाळीत ते वसूल. इथपर्यंत सोपं आहे. माणसं चुकतात ती रोजच्या खर्चात. संध्याकाळी सातला प्लग लावला आणि सकाळी पाचला काढला तर १००० वॉटचा हीटर १० युनिट खातो. इंजिन एका मर्यादेपर्यंत तापतं, पुढचे तास वीज फक्त हवेत जाते. मोठ्या डिझेल इंजिनालाही सहसा तीन-चार तास पुरतात. बाहेर वापरता येईल असा जड कामाचा टायमर घ्या, पहाटे दोनला सुरू होईल असा लावा. तीन तासांचे ३ युनिट. वाचले ७. युनिटला १५ सेंट धरले तर दिवसाला १ डॉलर ५ सेंट, हिवाळ्याच्या शंभर रात्रींचे १०५ डॉलर. टायमर पहिल्याच हिवाळ्यात फुकटात पडला. एक्स्टेंशन वायर मात्र स्वस्तातली बारीक घेऊ नका. १००० वॉटला आठ अँपिअरच्या वर करंट लागतो, बारीक वायर तापते. तीन पिनांची, बाहेरच्या वापराची, जाड वायर घ्या.

यापेक्षा मोठा प्रश्न मी त्यांना विचारला: रात्री गाडी उभी कुठे राहणार? भाड्याच्या घरात राहता, गाडी रस्त्यावर, तर वीज आणणार कुठून? पदपथावरून वायर टाकायचा विचारही नको. प्लग नसेल तर टाकीतल्याच डिझेलवर चालणारे हीटर मिळतात, ट्रकवाले वापरतात, पण त्यांचा खर्च बराच जास्त.

आणि ब्लॉक हीटर टाकीतलं डिझेल गरम करत नाही. फार थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर बंद होतो. इंजिन गरम, डिझेल गोठलेलं, गाडी जागेवर. म्हणून अशा प्रदेशात हिवाळी डिझेल विकतात. आपल्या लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं, ते याचसाठी. उबदार भागात भरलेली टाकी घेऊन थंडीत जाऊ नका.

आता माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी निफाड भागातून भाजी उचलायचो. जुना डिझेल टेम्पो घेतला. बघायला गेलो तेव्हा अर्ध्या सेलमध्ये सुरू झाला, मी खूश. डिसेंबरच्या पहिल्या कडाक्यात पहाटे चारला टेम्पो काही केल्या सुरू होईना. चार माणसांनी धक्का मारला तेव्हा सुटला. लिलाव हुकला, माल पडेल भावात गेला. नंतर कळलं, मी पोचण्याआधी विकणाऱ्याने टेम्पो फिरवून गरम करून ठेवला होता. ग्लो प्लग गेलेले आणि कॉम्प्रेशनही कमी. निफाडची थंडी ती काय, शून्याच्या वरचीच! एडमंटनमध्ये तर ब्लॉक हीटर लावलेली गाडी तासन्‌तास गरम राहते, आजारी इंजिनही शहाण्यासारखं सुरू होतं.

म्हणून त्यांना सांगितलं, विकणाऱ्याला आदल्या रात्री कळवा की गाडी प्लगला लावू नका, सुरूही करू नका. सकाळी जाऊन आधी बॉनेट उघडा, इंजिनाला हात लावा. गार असेल तरच चावी फिरवायची. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

अजून एक, जे त्यांना आवडलं नाही. रोज शहरातल्या शहरात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर डिझेलच कशाला? अलीकडच्या डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला इंजिन चांगलं तापून गाडी सलग चालावी लागते. छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. तीस डब्यांसाठी जुनी पेट्रोल व्हॅन बरी. ब्लॉक हीटर तिलाही बसतो, कमी वॉटचा.

त्यांचं उत्तर आलं: पुढच्या वर्षी कॅल्गरीच्या दुकानांना माल द्यायचा विचार आहे, एका दिशेला तीनशे किलोमीटर. मग डिझेलचं गणित बदलतं. पण पुढच्या वर्षीच्या ऑर्डरसाठी या हिवाळ्यात गाडी घ्यायची का, हे त्यांनी ठरवायचं. शनिवारी सकाळी ते इंजिनाला हात लावायला जाणार आहेत. काय झालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.