पुरलेले नाणे



१९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा जमिनीतून मिळाला. हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो आपल्या वाशीम जिल्ह्यात आहे. ही नाणी सोन्याची नव्हेत, तर तांबे, शिसे व कथील यांच्या मिश्रधातूची आहेत. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांचे उज्जैनी चिन्ह. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि तोवर अपरिचित असलेल्या काही राजांची नावेही त्यातून इतिहासाला कळली. इतिहासाचा लाभ झाला. ज्याने नाणी ठेवली त्याचा मात्र झाला नाही. ती काढायला तो परत आलाच नाही.

अ वर्षात, सामान्य काळातील ३३व्या रविवारी आपण तालंतांचा दाखला ऐकतो (मत्तय २५). त्यातील तिसऱ्या दासानेही धन्याचा पैसा जमिनीत पुरला. त्याचे नेमके काय चुकले? हे समजण्यासाठी पवित्र शास्त्रातील पैशाची थोडी ओळख करून घेऊ.

वजनाचा पैसा

अब्राहामाने सारेच्या दफनासाठी मकपेला येथील शेत घेतले, तेव्हा नाणी अस्तित्वातच नव्हती. त्याने ४०० शेकेल चांदी तोलून दिली (उत्पत्ति २३). शेकेल हे मुळात वजन होते, सुमारे ११ ग्रॅमचे. म्हणून खोटे वजन बाळगणे हे शास्त्राच्या दृष्टीने केवळ लबाडी नव्हे, तर देवाविरुद्ध पाप ठरते. आपल्या सोयाबीनचा कट्टा काट्यावर चढतो, तेव्हा मापाऱ्याच्या हाताकडे आपली नजर का खिळते, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको.

शिक्क्याचा पैसा

इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील लिडिया येथे धातूवर शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. आता व्यवहार शिक्क्याच्या भरवशावर होऊ लागला. प्रभू येशूच्या काळी रोमी दिनार हे चांदीचे नाणे चाले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तीच दिवसाची मजुरी आहे. मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेली दोन तांब्याची नाणी म्हणजे त्या मजुरीचा जेमतेम चौसष्टावा भाग. तालंत हे मात्र नाणे नव्हे, मोठे वजन. त्याची किंमत सुमारे ६००० दिनार. वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर मजुराची वीस वर्षांची कमाई! म्हणजे तिसऱ्या दासाच्या हाती आलेली रक्कम क्षुल्लक नव्हती.

पुरलेला पैसा

पैसा पुरणे त्या काळी गुन्हा नव्हता. उलट, पैशाला जमिनीसारखी सुरक्षित जागा नाही, असे ज्यू धर्मगुरूंच्या परंपरेत सांगितले आहे. तरीही धनी रागावतो.

तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल येथे आपल्याला मदत करतो. तो म्हणतो की पैसा निसर्गाने नव्हे, माणसांच्या आपसातील संमतीने पैसा ठरतो. तो माणसांच्या एकमेकांविषयीच्या गरजेचे प्रतीक आहे. हे खरे असेल, तर पुरलेले नाणे पैसा राहतच नाही, नुसता धातू उरतो. ते कोणाला कोणाशी जोडत नाही. तिसऱ्या दासाने पैसा चोरला नाही की उधळला नाही. धनी कठोर आहे अशा भयाने त्याने तो नात्यातूनच काढून घेतला.

याचा अर्थ बचत करू नये असा नाही. पाऊस दगा देतो, पेरणी दुबार करावी लागते, घरात आजारपण येते. अशा दिवसांसाठी चार पैसे मागे ठेवणे हा शहाणपणा आहे. प्रश्न दुसऱ्याच्या पैशाचा आहे. मजुराची मजुरी रात्रभरही आपल्याजवळ ठेवू नये, असा लेवीय १९ मधील नियम आहे. द्राक्षमळ्याचा धनीही त्याच संध्याकाळी मजुरी देतो. आपल्या शेतात सोंगणीला आलेल्या बायांचे चुकारे आपण किती दिवसांनी करतो?

हे लिहिताना आम्हालाही खाली पाहावे लागते. मागे मंदिराच्या कुंपणाचे काम झाले, तेव्हा हिशेब जुळवण्याच्या नावाखाली आम्ही दोन मजुरांचे पैसे पंधरा दिवस ठेवून घेतले. रक्कम कपाटात सुरक्षित होती. त्यांच्या घरी त्या दिवसांत उधारीवर किराणा आला, हे आम्हाला नंतर कळले. तो पैसा आम्ही पुरलाच होता.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून हाच ३३वा रविवार जागतिक गरीब दिन म्हणून पाळण्यास सांगितले. त्या दिवशी दानपेटीत काही टाकण्याआधी, कोणाचे देणे आपल्याकडे पडून आहे ते पाहू या. ते आधी चुकते करू या, दान त्यानंतर.

घरी चिंतनासाठी

१. मत्तय २५:१४-३० कुटुंबात मिळून वाचा. तिसऱ्या दासाला धन्याविषयी काय वाटत होते?

२. या हंगामातील कोणाची मजुरी, उधारी किंवा हातउसने आपल्याकडे बाकी आहे?

३. पैशाशिवाय आपण आणखी काय पुरून ठेवले आहे?